पत्त्याचे आकडे : डेटाबेस-यंत्रांच्या स्मृतिमर्यादेचा इतिहास



ज्याने आपला जन्म कामगार चळवळीत घालविला त्याने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहून संगणकाच्या स्मृतीविषयी बोलावे, हे आपणांपैकी अनेकांस चमत्कारिक वाटेल. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात झाले. हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. एका खातेनिहाय चौकशीच्या निमित्ताने तो आमच्या गळ्यात पडला, आणि एकदा पडल्यावर सोडवेना. म्हणून आधी ती चौकशी सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

सन २००६ ची गोष्ट. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहकारी बँकेत, तिचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, महिन्याच्या एक तारखेस पेन्शनवाल्यांची रांग दारापासून थेट रस्त्यापर्यंत जाई. खिडकीवरच्या कारकुनाने खाते क्रमांक टाकला की पडद्यावर खाते उमटावयास कधी एक मिनिट लागे, कधी तीन. म्हातारी माणसे उन्हात ताटकळत आणि शेवटी कारकुनांवर संतापत. दोनतीन महिने हा प्रकार चालल्यावर व्यवस्थापनाने तिघा कारकुनांस नोटिसा दिल्या : 'जाणूनबुजून काम मंद करून संस्थेच्या लौकिकास बाधा आणली.' नोटिशीत असेही लिहिले होते की, संस्थेने मोठा खर्च करून मुख्य यंत्राची स्मृती चारावरून आठ गिगाबाइटांवर नेली आहे. सबब मंदपणाचा दोष यंत्राकडे जात नाही.

हे वाक्य वाचून आम्हांस प्रथम काहीच सुचले नाही. आमचे सारे आयुष्य मालक म्हणतो यंत्र बरोबर आणि कामगार म्हणतो यंत्र बिघडले, या वादात गेलेले. पण तो वाद मागाचा, पट्ट्याचा, बॉयलरचा. बिघडलेल्या धोट्यावर बोट ठेवता येते. येथे बोट कशावर ठेवावयाचे? तेव्हा त्या बँकेत यंत्र सांभाळणारा एक तरुण संध्याकाळी कचेरीत आला आणि हळूच म्हणाला, "दादा, मशीन सुरू होताना आठ मोजतं, पण आतला प्रोग्रॅम दोनच्या वर एक थेंब घेत नाही. मी चारदा बघितलं." आठ विकत घेतले आणि दोनच वापरले जातात! आमचा अभ्यास तेथून सुरू झाला.

आता मुळाशी जाऊ. डेटाबेस-सर्व्हर म्हणजे काय? बँकेची खतावणी, रेल्वेची आरक्षणे, विजेची बिले ही सारी ज्यात नोंदलेली असतात आणि शेकडो माणसे एकाच वेळी ज्याला प्रश्न विचारीत असतात, ते यंत्र. त्याचे मूळ दप्तर चकतीवर असते, म्हणजे तळघरात. काम करण्याची जागा मात्र स्मृतीत असते, म्हणजे टेबलावर. टेबलावरचा कागद पाहावयास जर कारकुनाला एक मिनिट लागत असेल, तर फिरत्या चकतीवरच्या तळघरात जाऊन कागद आणावयास त्याच हिशेबाने सुमारे दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. कारण स्मृतीचा हिशेब सेकंदाच्या कोट्यंशांत आहे आणि चकतीचा हजारांशांत. ही लाखपटीच्या घरातली तफावत एकदा लक्षात आली म्हणजे डेटाबेसला मोठे टेबल का हवे असते, हे निराळे सांगावे लागत नाही. टेबल लहान पडले की कारकून दिवसभर जिन्यावरच असतो.

परंतु टेबल किती मोठे असू शकते, हे केवळ पैशावर ठरत नाही. ते पत्त्याच्या आकड्यांवर ठरते. आमचे वडील गिरणीत होते. त्यांच्याजवळ नंबरी पितळी बिल्ला असे. समजा एखाद्या खात्यात बिल्ल्यावर तीनच आकडे कोरण्याची सोय आहे. तर तेथे शून्यापासून नऊशे नव्याण्णवपर्यंत, म्हणजे एक हजारच माणसे हजेरीवर घेता येतील. एक हजार एकावा माणूस दारात उभा असला, धडधाकट असला, कामाला तयार असला, तरी हजेरीपुस्तकाच्या दृष्टीने तो नाहीच. यंत्राच्या स्मृतीतील प्रत्येक घराला, ज्यास बाइट म्हणतात, असाच नंबर लागतो. फरक एवढाच की यंत्राचा आकडा शून्य किंवा एक यांपैकीच असतो आणि त्यास बिट म्हणतात. एक बिट वाढला की घरे दुप्पट होतात. १६ बिटांत ६५,५३६ घरे. २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांवर. ३२ बिटांत ४२९ कोटींवर, म्हणजेच ४ गिगाबाइट. प्रोसेसर घडविणारा कारागीर ज्या दिवशी हे आकडे ठरवितो, त्या दिवशी पुढच्या वीस वर्षांच्या कारकुनांचे टेबल ठरून जाते.

हा इतिहास अमेरिकेत घडला आहे. तरी आरंभीचे यंत्र किती इवल्या जागेत नांदत होते याची कल्पना यावी म्हणून आपल्या घरचे एकच उदाहरण देतो. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हे यंत्र पूर्ण झाले. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ते अवघे दहा किलोबाइट होतात. तेवढ्यात आपल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे गणिते केली.

एप्रिल १९६४ मध्ये आय.बी.एम. कंपनीने 'सिस्टिम ३६०' ही यंत्रमालिका जाहीर केली. जीन ॲमडाल, फ्रेड ब्रुक्स आणि गेरिट ब्लाऊ हे तिचे प्रमुख रचनाकार. लहान-मोठी सर्व यंत्रे एकच भाषा बोलतील, ही त्यांची थोर कल्पना. या मालिकेतील नोंदकप्पे ३२ बिटांचे होते, परंतु पत्ता मात्र २४ बिटांचा धरला. वरचे आठ बिट यंत्र पाहतच नसे. १६ मेगाबाइट म्हणजे त्या काळी समुद्रच होता. तो कोणी भरील असे कोणास वाटले असेल? याच यंत्रांवर अपोलो योजनेच्या अवाढव्य सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी आय.एम.एस. हा डेटाबेस रचण्यात आला आणि १९६८ मध्ये तो चालू झाला. चंद्रावर माणूस गेला त्यामागे अशी एक खतावणीही होती.

आता गंमत पाहा. ते रिकामे आठ बिट प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांत आले. मोकळी जागा वाया कशाला घालवावयाची? त्यांनी तेथे आपापल्या खुणा ठेवावयास सुरुवात केली. हजेरीपुस्तकाच्या समासात टाइमकीपर पेन्सिलीने टिपणे करतो तसे. पुढे समुद्र भरला. १९८३ मध्ये पत्ता ३१ बिटांचा झाला आणि २ गिगाबाइटांची जागा खुली झाली, तेव्हा समासातली ती जुनी टिपणेच पत्त्याचा भाग म्हणून वाचली जाण्याची वेळ आली. लक्षावधी ओळींचे प्रोग्रॅम पुन्हा कोण लिहिणार? म्हणून यंत्राला दोन्ही रीती शिकविल्या. जुने प्रोग्रॅम १६ मेगाबाइटांच्या हद्दीखाली राहिले, नवे वर गेले. त्या हद्दीस तेथील कामगार आजही 'रेषा' म्हणतात. एखाद्या वस्तीत रस्त्यापलीकडचे आणि अलीकडचे असा भेद पडावा, तसा हा भेद. बत्तिसावा बिट मात्र कोणती रीत चालू आहे हे सांगण्यासाठी खर्ची पडला. म्हणून ३२ न होता ३१. सन २००० मध्ये याच घराण्यात ६४ बिटांचे यंत्र आले. पण तेथल्या डी.बी.२ या डेटाबेसास त्या जागेत पाय पसरावयास २००४ ची आठवी आवृत्ती उजाडावी लागली. घर बांधून झाले तरी बिऱ्हाड हलवावयास वेळ लागतोच.

दुसरे घराणे डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे. तिचे पी.डी.पी.-११ हे यंत्र १९७० साली आले; स्वस्त, सुटसुटीत आणि विद्यापीठांना परवडणारे. पत्ता मात्र १६ बिटांचा. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इन्ग्रेस हा डेटाबेस याच यंत्रावर रचला. ६४ किलोबाइटांच्या खोलीत सबंध डेटाबेस मावेना. म्हणून त्यांनी त्याचे तुकडे करून ते निरनिराळ्या खोल्यांत ठेवले आणि एकाचे काम संपले की निरोप पुढच्या खोलीत जावा अशी योजना केली. खोलीतला माणूस पुढच्या खोलीत डोकावू शकत नाही, केवळ चिठ्ठी सरकवू शकतो! आम्हांस तर हे वाचताना दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणगावातले भाडेकरू आठवले. अडचणीतून माणूस युक्ती काढतो हे खरे. पण त्या युक्तीची किंमत निरोपांच्या फेऱ्यांत मोजावी लागे. याच कंपनीतील गॉर्डन बेल आणि विल्यम स्ट्रेकर यांनी १९७६ मध्ये एक लेख लिहून स्वतःच्याच यंत्राची झडती घेतली आणि कबूल केले की, यंत्राच्या रचनेत ज्या एका चुकीतून सावरणे कठीण असते ती म्हणजे पत्त्याचे बिट कमी ठेवणे. मालकाच्या पदरी असलेल्या माणसांनी असा कबुलीजबाब छापून द्यावा, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. पुढच्याच वर्षी त्या कंपनीने ३२ बिटांचे व्हॅक्स बाजारात आणले.

पण आपल्या बँकेतले यंत्र या दोन्ही घराण्यांतले नव्हते. ते इंटेलच्या वंशातले. या वंशाने १९७८ मध्ये १ मेगाबाइट, १९८२ मध्ये १६ मेगाबाइट आणि १९८५ मध्ये ८०३८६ या प्रोसेसरसह ४ गिगाबाइट अशा उड्या मारल्या. टेबलावर ठेवावयाचे स्वस्त यंत्र म्हणून जन्मलेला हा वंश नव्वदीच्या दशकात बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या मुख्य खोलीत शिरला, तो स्वस्तपणाच्याच जोरावर. येथे ४ गिगाबाइटांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एन.टी. या प्रणालीने त्या ४ गिगाबाइटांच्या पत्त्यांची फाळणी केली होती : अर्धे पत्ते स्वतः प्रणालीस आणि अर्धे चालणाऱ्या प्रोग्रॅमला. म्हणजे डेटाबेसच्या वाट्यास दोनच आले. पुढे एक खटका दाबून ही वाटणी तीनास एक अशी करता येऊ लागली. पण मग प्रणालीचाच श्वास कोंडे आणि यंत्रात १६ गिगाबाइटांहून अधिक स्मृती असली तर ती वापरताच येत नसे.

१९९५ च्या अखेरीस पेंटियम प्रो आला. त्यात प्रत्यक्ष स्मृतीचा पत्ता ३६ बिटांचा करण्यात आला आणि यंत्रात ६४ गिगाबाइट बसविण्याची सोय झाली. मात्र प्रत्येक प्रोग्रॅमची नजर ३२ बिटांचीच राहिली. गोदाम सोळापट झाले, पण गोदामपालाच्या हातातले पुस्तक जुनेच! मग विंडोज २००० मध्ये एक खिडकी काढण्यात आली : प्रोग्रॅमने आपल्या जागेत एक चौकट राखून ठेवावी आणि बाहेरच्या स्मृतीचा हवा तो भाग त्या चौकटीत आळीपाळीने आणून पाहावा. मायक्रोसॉफ्टचा एस.क्यू.एल. सर्व्हर २००० या खिडकीतून मोठ्या स्मृतीचा लाभ घेई. परंतु खिडकीतून फक्त खात्यांची पाने येत. प्रश्नांची उकल करणारे आराखडे, अनुक्रम लावण्याचे काम, कुलपांच्या नोंदी हे सारे त्या जुन्या खोलीतच कोंबलेले राही. ज्यांनी ही यंत्रे सांभाळली त्यांच्या रात्री कशा गेल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक.

मग ६४ बिट कोणाजवळच नव्हते काय? होते तर! १९९१ मध्ये मिप्सचा आणि १९९२ मध्ये डिजिटलचा अल्फा, हे ६४ बिटांचे प्रोसेसर आलेले होते. १९९५ च्या सुमारास ऑरॅकलचा डेटाबेस अल्फावर कित्येक गिगाबाइट स्मृती एका दमात वापरू लागला होता. त्याच वर्षी आय.बी.एम.च्या ए.एस./४०० यंत्रांनी ४८ बिटांवरून ६४ बिटांवर स्थलांतर केले आणि विशेष म्हणजे गिऱ्हाइकांच्या जुन्या प्रोग्रॅमांना त्याचा पत्ताही लागू दिला नाही. कारण त्यांच्या पूर्वजाने, १९७८ च्या सिस्टिम ३८ ने, प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यामध्ये आधीच एक दुभाषा बसवून ठेवला होता. म्हणजे दूरदृष्टी अशक्य नव्हती; ती महाग होती, एवढेच. अल्फाचे पुढे काय झाले? १९९८ मध्ये डिजिटल कंपनी काँपॅकने विकत घेतली, २००१ मध्ये अल्फाचा गळा घोटण्याचा निर्णय झाला आणि २००२ मध्ये काँपॅकही ह्यूलेट-पॅकर्डमध्ये विलीन झाली. उत्तम यंत्र घडविणाऱ्या हजारो हातांना त्या दशकात घरी बसावे लागले, हे यंत्रांच्या इतिहासात बहुधा एका ओळीत उरकले जाते. आम्हांसही वेळेअभावी तेच करावे लागत आहे.

अल्फाच्या जागी यावयाचा होता इटानियम. इंटेल आणि ह्यूलेट-पॅकर्ड यांनी १९९४ पासून त्याची तयारी चालविली. यंत्र आले २००१ मध्ये. ६४ बिट होते, डौल होता. पण जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅम त्यावर रखडत चालत. उलट, इंटेलचा छोटा प्रतिस्पर्धी ए.एम.डी. याने एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला. त्याने जुन्याच घरावर मजला चढविला : जुने प्रोग्रॅम पूर्ण वेगाने चालावेत आणि हवे त्याने ६४ बिटांच्या मजल्यावर जावे. पुढच्याच वर्षी खुद्द इंटेलला हा आराखडा स्वीकारावा लागला. ऑरॅकलने २०११ मध्ये इटानियमसाठी नवे डेटाबेस काढण्याचे थांबविले, त्यावरून कोर्टकज्जे झाले, आणि २०२१ मध्ये शेवटचा इटानियम कारखान्यातून बाहेर पडला. ऑप्टेरॉनच्या वंशात प्रोग्रॅमचा पत्ता ४८ बिटांचा धरला आहे, म्हणजे २५६ टेराबाइट. आता ५७ बिटांची यंत्रेही निघाली आहेत. सामान्य बँकेच्या दृष्टीने ही भिंत क्षितिजापलीकडे गेली.

भिंत गेली, आणि नेमक्या येथेच आमच्यासारख्याचे कान टवकारतात. एस.क्यू.एल. सर्व्हर २००० च्या 'स्टँडर्ड' प्रतीस २ गिगाबाइटांची मर्यादा होती. त्या वेळी ती प्रोसेसरच्या मर्यादेशी जुळत असे, म्हणून कोणी फारसे बोलले नाही. २००५ च्या प्रतीत ती काढून टाकली. यंत्रात असेल तेवढी स्मृती वापरा. पण २०१० मध्ये निघालेल्या प्रतीत, म्हणजे प्रोसेसर पूर्ण मोकळा झाल्यावर, पुन्हा ६४ गिगाबाइटांची रेघ ओढण्यात आली; २०१४ मध्ये ती १२८ वर नेली. विंडोजच्या २००९ च्या सर्व्हर-प्रणालीचेही तसेच : स्टँडर्ड प्रतीस ३२ गिगाबाइट, एंटरप्राइझ प्रतीस २ टेराबाइट; यंत्र तेच, चकतीही तीच, फक्त परवान्याचा कागद निराळा. ऑरॅकलच्या पहिल्या फुकट प्रतीसही १ गिगाबाइटाची मर्यादा होती. ही मर्यादा सिलिकॉनमध्ये कोरलेली नसते. विक्रीखात्याच्या टेबलावर ठरते. विकणाऱ्यास आपल्या मालाच्या प्रती पाडण्याचा हक्क नाही असे आमचे म्हणणे नाही. फुकट वस्तूला अट असावयाचीच. शिवाय पोस्टग्रेस, जो त्या इन्ग्रेसचाच वंशज, आणि मायएसक्यूएलची खुली प्रत यांना असा कागदी अडसर नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की, निसर्गाची मर्यादा आणि कागदाची मर्यादा या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि खिडकीवर बसलेल्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात. पडदा उमटत नाही, एवढेच त्याला कळते.

आता त्या चौकशीकडे परत येतो. आम्ही इंग्रजी शब्दकोश जवळ घेऊन, त्या तरुणाच्या मदतीने, यंत्राचे कागद तीन आठवडे वाचले. तेव्हा असे दिसले की यंत्राचा प्रोसेसर ३२ बिटांचा, त्यावरची प्रणाली ४ गिगाबाइटांपलीकडे न पाहणारी आणि डेटाबेसची प्रत २ गिगाबाइटांवर थांबणारी. म्हणजे नवे चार गिगाबाइट ज्या दिवशी बसविले त्या दिवसापासून ते बिल्ल्यावाचून दारात उभे होते. आणि खात्यांची पाने मात्र दोन गिगाबाइटांच्या टेबलावर मावण्याजोगी राहिलेली नव्हती; एक तारखेस सगळी पेन्शन-खाती एकदम मागितली जात आणि यंत्र दिवसभर जिना चढत-उतरत राही.

चौकशी अधिकाऱ्यांपुढे आम्ही प्रथम एवढेच विचारले की, यंत्राची स्मृती आठ आहे हे कोणी मोजले? खरेदीचे बिल पुढे करण्यात आले. आम्ही म्हटले, बिल म्हणजे मोजणी नव्हे. डेटाबेस किती वापरतो ते पडद्यावर पाहून पंचनामा करा. अधिकारी म्हणाले, "यंत्राचा प्रश्न या चौकशीच्या कक्षेत येत नाही." तेव्हा आम्ही नोटीसच वाचून दाखविली. स्मृती वाढविल्याचा उल्लेख व्यवस्थापनानेच आरोपाच्या आधारासाठी केलेला होता. तो कक्षेबाहेरचा, तर मग आरोपाचा आधारही कक्षेबाहेर गेला. हा मुद्दा नोंदवून घ्यावयास दोन तारखा गेल्या. तिसऱ्या तारखेस मोजणी झाली. पडद्यावर आकडा आला तो दोनाच्या किंचित खाली.

दोन नोटिसा मागे घेण्यात आल्या. तिसऱ्या बाईंनी मात्र चौकशी सुरू होण्यापूर्वीच, घरच्या अडचणीमुळे नोकरी जाईल या भयाने, माफीनामा लिहून दिला होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला असल्याने त्यावर फेरविचार करता येत नाही असे उत्तर आम्हांस मिळाले आणि त्यांची रोखलेली एक वेतनवाढ निवृत्तीपर्यंत तशीच राहिली. आठापैकी वापरात न आलेले ते चार गिगाबाइट पुढल्या वर्षी नवे ६४ बिटांचे यंत्र आले तेव्हा काढून कपाटात ठेवले गेले. खरेदीच्या कागदांची एक प्रत युनियनला दाखविण्याची प्रथा तेव्हापासून त्या बँकेत पडली. आणि त्या नव्या यंत्राच्या कागदात स्मृतीच्या रकान्यासमोर कोणता आकडा आहे, हे पाहावयास पहिल्या दिवशी आमच्याबरोबर त्या बाईही आल्या होत्या.